सायकलस्वार आणि शिरस्त्राण : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

शहरातील रहदारीतून जाणाऱ्या सायकलस्वाराने शिरस्त्राण, म्हणजे लोकव्यवहारात ज्याला हेल्मेट म्हणतात ते, घालावे काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी अगदी साधा वाटतो. डोक्याचे रक्षण होत असेल तर ते कोणी का करू नये? परंतु ह्या एका प्रश्नात वस्तुतः तीन निरनिराळे प्रश्न गुंतलेले आहेत. सायकलवरून पडलेल्या माणसाच्या डोक्याचे रक्षण शिरस्त्राणाने होते काय, हा पहिला. त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाने व वैद्यकाने द्यावयाचे आहे. शिरस्त्राणाची सक्ती केल्याने समाजातील एकूण इजा कमी होतात काय, हा दुसरा. तो संख्याशास्त्राच्या कक्षेत येतो. आणि अशा सक्तीचा भार कोणावर पडतो व तो न्याय्य आहे काय, हा तिसरा. तो समाजशास्त्राचा व शासनव्यवहाराचा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर परस्पर तिसऱ्याला लावून टाकणे, ही ह्या विषयावरील चर्चेत नेहमी आढळणारी चूक होय. प्रस्तुत लेखात हे तिन्ही प्रश्न वेगळे काढून, जालना जिल्ह्यातील सायकलस्वार डोळ्यांपुढे ठेवून, त्यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

कायद्याची स्थिती

आपल्याकडे शिरस्त्राणाचा कायदा आहे तो मोटारसायकलस्वारांपुरता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमान्वये मोटारसायकल चालविणाऱ्याने व मागे बसणाऱ्याने शिरस्त्राण घातले पाहिजे. पगडी धारण करणाऱ्या शीखांना तेवढी सूट आहे. २०१९ च्या दुरुस्तीने चार वर्षांवरील मुलांनाही ही तरतूद लागू केली आणि नियमभंगाबद्दल एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना-अपात्रता अशी शिक्षा ठरविली. पुण्यात जानेवारी २०१९ पासून ह्या कलमाची कडक अंमलबजावणी सुरू झाली, तेव्हा तिला जो संघटित विरोध झाला तो सर्वपरिचित आहे. पण तो सारा वाद मोटारसायकलींचा होता. पायांनी चालवावयाची सायकल यंत्रशक्तीने चालत नाही. म्हणून कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ती मोटार वाहनच नव्हे, आणि १२९ वे कलम तिच्या स्वाराला लागू होत नाही.

ह्याचा अर्थ सायकलस्वार नियमांपासून सदैव मुक्त होता असा नव्हे. एके काळी महाराष्ट्रातील अनेक नगरपालिका सायकलीवर कर घेऊन बिल्ला देत असत. रात्री दिव्यावाचून सायकल चालविणे व डबलसीट बसणे ह्यांबद्दल पोलीस हटकीत. त्या काळच्या नियमांचा रोख सायकलस्वार इतरांना दिसावा व त्याचा तोल राहावा ह्यावर होता. त्याच्या डोक्यावर काय आहे ह्याची विचारपूस कोणी करीत नसे. आता मात्र परिस्थिती थोडी बदलली आहे. २०१९ च्या दुरुस्तीने १३८ व्या कलमात एक नवे पोटकलम घातले असून, यंत्रशक्तीने न चालणारी वाहने व पादचारी ह्यांच्या रस्त्यावरील व्यवहाराचे नियमन करण्याचा अधिकार त्यान्वये राज्य शासनांना मिळाला आहे. म्हणजे सायकलस्वारावर शिरस्त्राणाची सक्ती करावयाची झाल्यास संसदेकडे जाण्याचे कारण उरलेले नाही; राज्याने नियम केला की पुरे. म्हणूनच ह्या प्रश्नाचा विचार नियम होण्यापूर्वी करणे अगत्याचे आहे.

थर्माकोलच्या एका इंचाचे कार्य

शिरस्त्राणाचे महत्त्व वैद्यकाच्या ध्यानी आणून देण्यात ऑक्सफर्ड येथील मेंदूचे शल्यविशारद ह्यू केर्न्स ह्यांचा वाटा मोठा आहे. मे १९३५ मध्ये टी. ई. लॉरेन्स ह्यांना मोटारसायकलच्या अपघातात मृत्यू आला. वाटेतील दोन सायकलस्वार मुलांना चुकविताना त्यांचा तोल गेला होता. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते. त्यानंतर लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचा त्यांनी अभ्यास केला व १९४१ साली तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटारसायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले.

सायकलच्या शिरस्त्राणाचे कार्य समजण्यास शालेय गणित पुरेसे आहे. दीड मीटर उंचीवरून, म्हणजे सायकलवर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जवळपासच्या उंचीवरून, एखादी वस्तू पडली तर जमिनीवर आदळताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ५.४ मीटर, म्हणजेच ताशी सुमारे १९.५ किलोमीटर होतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, ह्यावर आघाताची तीव्रता अवलंबून असते. समजा, उघडे डोके डांबरी रस्त्यावर अडीच मिलिमीटर अंतरात थांबले. तर त्यावरील सरासरी आघात गुरुत्वत्वरणाच्या सुमारे ६०० पट भरतो. तेच डोके शिरस्त्राणातील थर्माकोल दबत दबत पंचवीस मिलिमीटर अंतरात थांबले, तर तो आघात ६० पटींवर येतो. थांबण्याचे अंतर दसपट झाले, म्हणून आघात एक-दशांश झाला. बाहेरचे कवच कितीही चकचकीत असो, खरे काम करतो तो आतला इंचभर थर्माकोल. एकदा दबला की तो पूर्ववत होत नाही. म्हणून जोराचा मार बसलेले शिरस्त्राण टाकूनच द्यावयास हवे.

हेच गणित शिरस्त्राणाची मर्यादाही दाखविते. युरोपात मान्य असलेल्या मानकाप्रमाणे सायकलचे शिरस्त्राण सपाट ऐरणीवर आपटून पाहतात, ते ताशी सुमारे साडेएकोणीस किलोमीटर ह्याच वेगाने. ताशी ५० किलोमीटर वेगात वरील वेगाच्या साडेसहापट ऊर्जा असते; डोके त्या वेगाने आदळणे म्हणजे जवळजवळ दहा मीटर उंचीवरून, तिमजली इमारतीच्या गच्चीवरून, पडण्यासारखे आहे. तेवढी ऊर्जा शोषून घेण्याइतका थर्माकोल त्या टोपीत नसतो. शिवाय ही कसोटी सरळ आघाताची आहे. डोक्याला बसणाऱ्या पिळामुळे मेंदूला जी इजा होते तिचा विचार तीत फारसा नाही. तात्पर्य, खड्ड्यात चाक अडकून, वाळूवर घसरून किंवा कुत्रे आडवे आल्याने होणाऱ्या पतनात शिरस्त्राणाचा उपयोग मोठा आहे. सळया भरलेल्या मालमोटारीची धडक बसली तर त्याची सोबत तुटपुंजी आहे.

रुग्णालयातील पुरावा

पदार्थविज्ञानाच्या ह्या अपेक्षेला रुग्णालयातील आकडेवारीचा दुजोरा मिळतो. १९८९ साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल येथे थॉम्सन व रिव्हारा प्रभृतींनी केलेल्या अभ्यासात, शिरस्त्राणाने डोक्याच्या इजेचा धोका ८५ टक्क्यांनी कमी होतो असा निष्कर्ष निघाला. पुढील अभ्यासांत हा आकडा खाली आला. ऑलिव्हिए व क्रेटन ह्यांनी चाळीस अभ्यास व चौसष्ट हजारांहून अधिक जखमी सायकलस्वार एकत्र धरून केलेले विश्लेषण २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्यात डोक्याच्या इजेची संभाव्यता ५१ टक्क्यांनी, तर गंभीर इजेची ६९ टक्क्यांनी कमी आढळली.

हे आकडे कोणत्या प्रकारच्या अभ्यासातून निघतात, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. बहुतेक अभ्यासांत रुग्णालयात आलेल्या जखमी सायकलस्वारांचे दोन गट करतात : डोक्याला इजा झालेले आणि इतरत्र इजा झालेले. मग दोन्ही गटांत शिरस्त्राण घातलेल्यांचे प्रमाण ताडून पाहतात. ह्या पद्धतीत दोन मर्यादा आहेत. शिरस्त्राण घालणारा मनुष्य एरवीही सावध असतो, दिवा लावतो, रहदारी टाळतो. त्याच्या सावधपणाचे श्रेय अंशतः टोपीला जाण्याचा संभव असतो. दुसरी मर्यादा अधिक मूलभूत आहे. हा आकडा अपघात झाल्यानंतरचा आहे. अपघात होण्याचा संभव किती, ह्याविषयी तो काही सांगत नाही. इंग्लंडमध्ये इयान वॉकर ह्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, शिरस्त्राण घातलेल्या स्वाराला मागे टाकताना मोटारी सरासरी साडेआठ सेंटिमीटर अधिक जवळून गेल्याचे आढळले. पुढे त्याच आकडेवारीचे फेरविश्लेषण करणाऱ्यांनी ह्या फरकाचे व्यावहारिक महत्त्व नाकारले. तो वाद बाजूला ठेवला तरी मुद्दा उरतोच. तथापि ह्या सर्व मर्यादा मान्य करूनही पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे : पडलेल्या माणसाच्या डोक्याचे रक्षण शिरस्त्राणाने होते, आणि चांगलेच होते.

सक्तीचा अनुभव

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इतके सरळ नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ जुलै १९९० पासून सर्व सायकलस्वारांना शिरस्त्राण सक्तीचे केले. न्यूझीलंडने १९९४ साली तेच केले. व्हिक्टोरियात पहिल्याच वर्षी शिरस्त्राण घालणाऱ्यांचे प्रमाण ३१ वरून ७५ टक्क्यांवर गेले. हे यश होय. पण प्रमाणाच्या आड संख्या दडते. रॉबिन्सन ह्यांनी १९९६ साली दाखवून दिले की, मेलबर्न येथील गणनेत शिरस्त्राण घालणाऱ्या मुलांच्या संख्येत जी वाढ झाली तिच्या १५ पट घट सायकल चालविणाऱ्या मुलांच्या संख्येत झाली होती. न्यू साउथ वेल्समध्ये ही घट वाढीच्या २.२ पट होती. म्हणजे टक्केवारी वाढली ती बव्हंशी टोपी न घालणारी मुले सायकलवरून उतरली म्हणून. ही घट कायद्यामुळेच झाली काय, ह्याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. परंतु अंश वाढल्याने अपूर्णांक मोठा होतो तसा छेद घटल्यानेही होतो, ही गोष्ट ह्या उदाहरणावरून कायमची लक्षात ठेवण्याजोगी आहे.

कॅनडाचे उदाहरणही तितकेच बोधप्रद आहे. तेथे काही प्रांतांनी सक्ती केली, काहींनी केली नाही. १९९४ ते २००३ ह्या काळात सक्ती असलेल्या प्रांतांत तरुण सायकलस्वारांच्या डोक्याच्या इजांचे प्रमाण ५४ टक्क्यांनी, तर सक्ती नसलेल्या प्रांतांत ३३ टक्क्यांनी घटले. हा फरक पाहून कोणीही सक्तीचा जयजयकार करील. परंतु २०१३ साली डेनिस व सहकाऱ्यांनी कायद्यापूर्वीच चालू असलेली घसरण हिशेबात धरली, तेव्हा कायद्याचा स्वतंत्र परिणाम म्हणून दाखविता येईल असे काही उरले नाही. इजा इतर कारणांनी आधीपासूनच घटत होत्या.

ह्याच्या उलट टोकाला नेदरलँड्स हा देश आहे. तेथे १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून पालकांचे आंदोलन उभे राहिले, आणि पुढे सायकलींचे स्वतंत्र मार्ग व वस्त्यांतील वाहनांच्या वेगावर बंधन ही दोन धोरणे रूढ झाली. २०१३ साली रस्त्यांवरील मृत्यू ५७० पर्यंत खाली आले होते. हे सर्व घडले ते सामान्य सायकलस्वार शिरस्त्राण घालीत नसताना. अलीकडे वृद्ध स्वार व विजेच्या सायकली वाढल्याने तेथेही ऐच्छिक वापराचा पुरस्कार होऊ लागला आहे, हेही नमूद केले पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाकडे नेणारी एक घटना येथेच सांगणे योग्य होईल. १९८९ चा तो प्रसिद्ध अभ्यास ज्या सिअ‍ॅटलमध्ये झाला, त्याच शहराचा अंतर्भाव असलेल्या किंग परगण्याने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला सक्तीचा नियम रद्द केला. शिरस्त्राण निरुपयोगी ठरले म्हणून नव्हे. ते घालावे अशी शिफारस तेथील आरोग्य मंडळाने कायमच ठेवली. नियम रद्द झाला तो दंडाचा बडगा बेघर व कृष्णवर्णीय सायकलस्वारांवर प्रमाणाबाहेर पडत होता म्हणून. वस्तू उपकारक असूनही तिची सक्ती अपकारक होऊ शकते, हा ह्या घटनेचा अर्थ होय.

जालन्याचा सायकलस्वार

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून, परभणीतील परतूर तालुक्याची भर घालून, जालना जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या सुमारे १९ लाख ५९ हजार व जालना शहराची सुमारे २ लाख ८५ हजार होती. कुंडलिकेच्या दोन तीरांवर वसलेले हे शहर बियाणे आणि लोखंडी सळया ह्यांच्या उद्योगासाठी विख्यात आहे. बाजारपेठेतील अरुंद रस्ते, औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या मालमोटारी, कापसाच्या गाड्या व मोसंबीचे टेम्पो हे सारे एकाच रस्त्यावर येते. अंबड, घनसावंगीकडे ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची त्यात भर पडते. ह्याच रस्त्याच्या कडेने सायकलस्वार जातो.

हा सायकलस्वार कोण आहे? मेलबर्नमध्ये किंवा मुंबई-पुण्याकडील काही वर्गांत व्यायामासाठी सायकल चालविणारा जो हौशी स्वार दिसतो, तो हा नव्हे. गेल्या काही दशकांत ज्याला ऐपत आली तो मोटारसायकलकडे वळला. भारतातील मोटारसायकल-स्कूटर बाळगणारी कुटुंबे २००१ साली ११.७ टक्के होती, ती २०११ साली २१ टक्के झाली. सायकलवर उरला तो ज्याला दुसरा पर्याय नाही तो : गिरणीतला मजूर, दूध घालणारा, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे शाळकरी मुलगी.

राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात मागास ठरविलेल्या तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या मुलींना, घर शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत असल्यास, सायकलीसाठी अनुदान मिळते. जालना जिल्ह्याचा ह्या कार्यक्रमात समावेश आहे. खेड्यातून तालुक्याच्या गावातील विद्यालयात जाणाऱ्या मुलीच्या दृष्टीने सायकल ही चैन नव्हे; ती आठवीनंतरचे शिक्षण होय. बिहारमध्ये २००६ साली सुरू झालेल्या अशाच योजनेचा अभ्यास मुरलीधरन व प्रकाश ह्यांनी केला. त्यात मुलींची माध्यमिक शाळेतील योग्य वयातील पटनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे व मुली ह्यांतील अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. जालन्याच्या संदर्भात सक्तीची किंमत मोजावयाची ती ह्या मापाने. मेलबर्नचा मुलगा सायकलवरून उतरला तेव्हा तो आईबापांच्या मोटारीत बसला असेल. आपल्याकडील मुलगी सायकलवरून उतरली तर ती घरी बसण्याचा संभव आहे. “टोपी नाही तर सायकल नाही,” असा नियम शाळेच्या फाटकावर लागला, तर “सायकल नाही तर शाळा नाही” हे त्यापुढचे वाक्य घरी बोलले जाईल.

सक्तीला विरोध म्हणजे शिरस्त्राणाला विरोध, असा मात्र ह्याचा अर्थ नाही. उलट ह्याच मुलीला त्याची गरज अधिक आहे. ती नवशिकी असते. सायकल पुष्कळदा तिच्या उंचीला मोठी असते. पाठीवर दप्तर असते आणि वाऱ्याने उडणारी ओढणी साखळीत वा आऱ्यांत अडकण्याची भीती असते. अशा पतनाचा वेग शिरस्त्राणाच्या कसोटीतील वेगाच्या आतबाहेरचा असतो. म्हणजे जेथे त्याचा उपयोग सर्वांत अधिक, तेथेच ते पोहोचलेले नाही. अडचणीही खऱ्या आहेत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. तेव्हा मोटारसायकलची जड टोपी पायडल मारणाऱ्याला सोसणार नाही. सायकलचे हवेशीर शिरस्त्राण साधारण पाव किलोपासून साडेतीनशे ग्रॅमपर्यंत भरते, पण ते मोठ्या शहरांतील दुकानांतून मिळते. तालुक्याच्या बाजारात ते सहसा दृष्टीस पडत नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढावयास हरकत नाही. शहरातून सायकल चालविणाऱ्याने, विशेषतः मुलांनी, शिरस्त्राण घालावे. ते कपाळ झाकील असे, भुवयांच्या वर दोन बोटे बसावे आणि त्याचा पट्टा हनुवटीखाली आवळलेला असावा. परंतु शासनाने वा शाळेने त्याची सक्ती करू नये. शासन सायकल देतेच आहे, तर तिच्यासोबत शिरस्त्राणही द्यावे. ते न घालता आलेल्या मुलीला समजावून सांगावे, फाटकातून परत पाठवू नये.

दुसरे असे की, शिरस्त्राणाची चर्चा ही रस्त्याच्या चर्चेला पर्याय होता कामा नये. टोपीने जे साधत नाही ते वाहनांचा वेग कमी केल्याने साधते. जेथे पादचारी व सायकलस्वार वाहनांत मिसळतात तेथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे २०२० च्या स्टॉकहोम घोषणापत्रात म्हटले आहे. शाळांसमोरील व बाजारपेठेतील रस्ते ह्याच वर्णनात बसतात. २०१९ च्या दुरुस्तीनेच घातलेले १९८-अ हे कलमही येथे स्मरणीय आहे. रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ह्यांत ठरलेली मानके न पाळल्याने मृत्यू किंवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार अधिकारी, ठेकेदार वा सल्लागार ह्यांना एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याने कर्तव्य दोन्ही बाजूंना वाटून दिले आहे. खड्डा बुजविणे बाजूला ठेवून खड्ड्यात पडणाऱ्याला दंड करणे हे त्या वाटणीत बसत नाही.

शेवटी संशोधनाविषयी. भारतात २०२२ साली रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांत सायकलस्वारांचे प्रमाण सुमारे तीन टक्के होते. हे आकडे पोलिसांच्या नोंदींवरून काढलेले असतात, आणि मोटारीचा संबंध नसलेले सायकलचे पतन पोलीस ठाण्यापर्यंत क्वचितच जाते. म्हणून आपल्या जिल्ह्यापुरती तीन कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज करता येण्याजोगी आहेत. पहिले, शाळा भरण्याच्या व सुटण्याच्या वेळी ठरावीक चौकांत सायकलस्वारांची वय व लिंग ह्यांनुसार गणना, तीही वर्षातून किमान दोनदा, म्हणजे छेदाची माहिती हाती येईल. दुसरे, रुग्णालयांतील नोंदवह्यांतून सायकलवरून पडलेल्यांच्या इजांचे वर्गीकरण : डोके, हात, पाय, वाहनाची धडक की नुसते पतन. तिसरे, काही शाळांत शिरस्त्राणे मोफत वाटून व काहींत न वाटता, वापर आणि उपस्थिती ह्या दोहोंची वर्षभर नोंद. तिसऱ्या कामात केवळ वापर मोजून थांबू नये. शिरस्त्राण घालणाऱ्या मुलींची टक्केवारी वाढली आणि सायकलवर येणाऱ्या मुलींची संख्या घटली, तर तो प्रयोग फसला असे समजावे.